'मंदिर' आणि 'उंदीर': श्रुतलेखनाची चाचणी घेणाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय सदस्यहो,

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात तेवीस वर्षे मराठी शिकवते. यंदा तुमच्या मंडळाने आमच्या भागातल्या शाळांमध्ये पाचवी ते आठवीची श्रुतलेखन चाचणी घेतली आणि तिच्या निकालावरून मुलांचे शेरे ठरवले. मंडळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ही पद्धत एकट्या तुमची नाही, आणि मला कोणाला उघडे पाडायचे नाही. पण निकाल हातात आल्यापासून गप्प राहणे मला जमलेले नाही. शाळेमार्फत मी दोनदा अर्ज केला, उत्तर आले नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सहावीतल्या एका मुलीचा पेपर माझ्यासमोर आहे. वीस गुणांची चाचणी, प्रत्येक चुकीला अर्धा गुण वजा. पेपरवर तेरा लाल गोल आहेत. साडेतेरा गुण पडले. चौदाच्या आत आलेल्या मुलांना 'सुधार वर्गा'त बसवायचे असे तुमचे परिपत्रक सांगते, त्यामुळे अर्ध्या गुणाने ती त्या वर्गात गेली. पेपरच्या खाली शेरा आहे: 'उच्चार प्रादेशिक. श्रवण कमकुवत.'

हा शेरा वाचून तिचे वडील दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून शाळेत आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, पोरीले आयकू येत नाही काय? कागदावर तसं लिहेल हाय." मी त्यांना समजावले, पण बापाच्या जिवाला ते पटेना. ते तिला तालुक्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. कान अगदी चांगले निघाले. तुमच्या दोन शब्दांपायी एका माणसाचा रोज गेला, एसटीचे भाडे गेले, डॉक्टरची फी गेली, आणि एका अकरा वर्षांच्या मुलीला आठवडाभर वाटत राहिले की आपल्यात काहीतरी खोट आहे.

आता ते तेरा गोल पाहा. एक गोल 'येक'ला आहे, तिथे 'एक' हवे होते. एक शब्द तिच्याकडून सुटला आहे. या दोन्हींचे गुण कापले याबद्दल माझी तक्रार नाही. उरलेले अकरा गोल सगळेच्या सगळे वेलांटीचे आणि उकाराचे आहेत. तिने लिहिले: मंदीर, नागरीक, अधीक, मधूर, गूण. पुढे परिक्षा, पुजा, भुगोल, निती. आणि शरिराचे, विद्यार्थीनी.

सदस्यहो, यातला शेवटचा शब्द सोडला तर दहाही शब्द तिने जसे ऐकले तसेच लिहिले आहेत. कमकुवत कानाने नव्हे, चांगल्या कानाने.

हे मी वकिली म्हणून बोलत नाही. मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांची लांबी बोलताना शब्दातल्या जागेवर ठरते. 'फूल' म्हणताना शेवटच्या 'ल'मधला अ आपण उच्चारत नाही, त्यामुळे ऊ शब्दाच्या टोकाशी येतो आणि लांबतो. 'फुलाला' म्हटले की तोच स्वर आत सरकतो आणि आखूड होतो. वीट-विटा, गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, सगळीकडे हेच. आपले लेखनाचे नियम मराठी शब्दांपुरते याच उच्चाराला धरून आहेत. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ, शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा ऱ्हस्व, सामान्यरूपात दीर्घाचा ऱ्हस्व. हे नियम मुले पटकन उचलतात, कारण तोंडाने ती तेच करत असतात.

अडचण संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या, म्हणजे तत्सम, शब्दांची आहे. त्यांना नियमाने वेगळे ठेवले आहे. ते मुळाप्रमाणे लिहायचे. म्हणून 'उंदीर'ला दुसरी वेलांटी आणि 'मंदिर'ला पहिली. 'बारीक'ला दुसरी, 'नागरिक'ला पहिली. 'मजूर'ला दुसरा उकार, 'मधुर'ला पहिला. 'सून' दीर्घ, 'गुण' ऱ्हस्व. आता हे शब्द घाई न करता, पण ताणही न देता, रोजच्या बोलण्यात बोलतो तसे उच्चारून पाहा. बारीक आणि नागरिक यांच्या शेवटात तुम्हाला काय फरक ऐकू येतो? मला तेवीस वर्षांत ऐकू आलेला नाही.

तीच गत शब्दाच्या सुरुवातीला. 'पूजा' दीर्घ, 'भुजा' ऱ्हस्व. 'दीक्षा' दीर्घ, 'भिक्षा' आणि 'शिक्षा' ऱ्हस्व. 'नीती' आणि 'भीती' दीर्घ, 'मिती' आणि 'स्थिती' ऱ्हस्व. 'परिचय', 'परिसर' ऱ्हस्व, पण 'परीक्षा' दीर्घ, कारण तिथे परि आणि ईक्षा यांचा संधी झाला आहे. अकरा वर्षांच्या मुलीने हा संधी स्पीकरमधून ऐकून ओळखायचा?

'शरिराचे' या शब्दावर मी खूप वेळ थांबले. तो मी शिकवलेला नियम आहे. गरीब-गरिबाचे, म्हणून शरीर-शरिराचे. तिने नियम लावला. हा शब्द तत्सम आहे, त्याचा ई सामान्यरूपातही दीर्घच राहतो, हे तिला कळायला तो शब्द संस्कृतातला आहे हे आधी माहीत असायला हवे. ते कानाने कळत नाही. 'विद्यार्थीनी' तिने 'विद्यार्थी'च्या आठवणीने लिहिले, आणि हीच चूक मोठमोठ्या संस्थांच्या फलकांवर रंगवलेली मी पाहिली आहे.

तुमच्या शेऱ्यातला 'उच्चार प्रादेशिक' हा भाग मला सगळ्यात जास्त लागला. आमच्याकडची मुले केळाला 'केय' म्हणतात, डोळ्याला 'डोया' म्हणतात. वेळेला 'येळ' म्हणतात. तुमच्या उताऱ्यात 'डोळे' होते, 'वेळ' होते, 'शाळा' तर तीनदा होते. या मुलीने एकदाही चूक केलेली नाही. माझ्या वर्गातल्या एकोणतीस मुलांपैकी ळ च्या जागी य लिहिणारे एकही मूल निघाले नाही. तोंडात 'डोया' असून हातातून 'डोळा' उतरतो, कारण ळ आणि य हे वेगळे आवाज आहेत आणि उतारा वाचणाऱ्याच्या तोंडून तो फरक स्पष्ट ऐकू येतो. जिथे फरक ऐकू येतो तिथे, एक 'येक' सोडला तर, या मुलीची बोली आड आलेली नाही. जिथे फरक ऐकूच येत नाही, तिथली चूक मात्र तुम्ही बोलीच्या नावावर लिहिली.

बरे, ही चूक आमच्याच भागातली असती तरी समजू शकले असते. सुट्टीत आमच्या शिक्षकखोलीत आम्ही सहा जणांनी एक गोष्ट करून पाहिली. दोघे आमच्याच जिल्ह्यातले, एक सर कोकणातले, एक बाई सोलापूरच्या, एक नाशिककडच्या, एक सर पुण्यात वाढलेले. एकाने चिठ्ठीवरचा शब्द पाहून सहज बोलायचा, बाकीच्यांनी पाठ करून बसून लिहायचा. शब्द होते दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिला आणि शीला. पुण्याच्या सरांनी बोललेला 'दीन' कोकणातल्या सरांनी 'दिन' लिहिला, आणि पुढच्या फेरीत त्यांच्या 'सुत'चे पुण्याच्या सरांनी 'सूत' केले. कोणालाही खात्रीने सांगता आले नाही. शेवटी सोलापूरच्या बाईंनी 'दीऽऽन' असे ताणून म्हटले तेव्हा सगळ्यांनी बरोबर लिहिले. बोलताना असे कोणी म्हणत नाही. हातातल्या चिठ्ठीवर दुसरी वेलांटी दिसत होती म्हणून तो ताण आला.

श्रुतलेखन घालताना आम्ही शिक्षक रोज हेच करतो, हे मी आधी माझ्यापुरते कबूल करते. शब्द कागदावर पाहतो, दीर्घ दिसला की आवाज ओढतो. मुलांना ते माहीत झालेले असते. ती आपल्या बाईचा ओढलेला आवाज ओळखून दुसरी वेलांटी काढतात. तुम्ही यंदा बाईच्या जागी ध्वनिमुद्रित आवाज आणलात. त्या अनोळखी आवाजाने 'भूगोल' सहज म्हटला आणि 'सूर्य' ओढला. मुलांनी 'सूर्य' बरोबर लिहिला, 'भूगोल' चुकवला. उतारा परत ऐका, तुमच्या लक्षात येईल.

या फरकाबद्दल कानाला दोष देता येत नाही, याला आणखी एक कारण आहे. बाळे भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या सहा महिन्यांच्या बाळांवर काम करून दाखवले की इतक्या लहान वयातच बाळाचा कान आपल्या भाषेतल्या स्वरांप्रमाणे घडू लागलेला असतो. घरात ज्या दोन आवाजांनी शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्या दोघांना कान एकाच पेटीत टाकायला शिकतो. त्यात कमकुवतपणा नाही, भाषा शिकण्याची तीच रीत आहे. मराठी घरात 'दिन'ची लांबी कमीजास्त करून कोणाचा अर्थ अडत नाही. 'आजचा दिन' म्हटले की दिवस, 'दीनदुबळे' म्हटले की गरीब, संदर्भाने सगळ्यांना कळते. मग बाळाच्या कानाने हा फरक सांभाळून का ठेवावा?

आपल्या पूर्वजांनाही तो लिहून दाखवण्याची गरज वाटली नव्हती. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद करत नसत. शतकानुशतके महसुलाचे हिशेब, करारपत्रे, न्यायनिवाडे, लढायांची पत्रे त्या लिपीत लिहिली गेली आणि वाचणाऱ्याला अर्थ लागत राहिला.

आणि आजचा नियमही पूर्वीपासून होता तसाच नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये राज्याने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यात चारांची भर पडली आणि ते अठरा झाले. त्याआधी 'कवि', 'हरि', 'गुरु' असे लिहिणारा विद्यार्थी बरोबर होता. नंतर 'कवी', 'हरी', 'गुरू' बरोबर झाले. समासात मात्र आजही 'कविराज' आणि 'गुरुदक्षिणा' ऱ्हस्व. माझे वडील जुन्या पद्धतीने शिकले, शेवटपर्यंत 'कवि' लिहीत राहिले. त्यांच्या आणि माझ्या तोंडातला तो शब्द एकच होता. लेखन बदलले, उच्चार बदलला नाही, त्यामुळे वडिलांच्या कानाला कोणी कमकुवत म्हटले नाही.

माझे म्हणणे नियम मोडीत काढा असे नाही. तसे म्हणणारी जाणती माणसे आहेत, त्यांच्याशी माझे पूर्ण जुळत नाही. सगळ्यांनी एकसारखे लिहिले तर वाचणे सोपे जाते, शब्दकोशात शब्द सापडतो, संगणकावर शोधता येतो. मी वर्गात हे नियम शिकवते आणि मुलांकडून करून घेते. फक्त ते डोळ्याने शिकवते. फळ्यावर दोन रकाने आखते, एका बाजूला उंदीर, बारीक, मजूर, सून, दुसऱ्या बाजूला मंदिर, नागरिक, मधुर, गुण. मुले रोज एकेक शब्द शोधून आणतात आणि योग्य रकान्यात लिहितात. हा रकाना सुरू केला त्या दिवशी याच मुलीने विचारले होते, "बाई, मंदिर न् उंदीर सारखेच तं आयकू येतात. मंग येकाले पयली न् येकाले दुसरी काहून?" इतका नेमका प्रश्न माझ्या डीएडच्या दोन वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी तिला खरे उत्तर दिले: ऐकून कळणार नाही, एक शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे, तो पाहून लक्षात ठेवायचा. ती लगेच म्हणाली, "मंग सोपं हाय." दुसऱ्या दिवशी तिने 'कठीण' आणला आणि कोणत्या रकान्यात घालू म्हणून विचारले. संस्कृतात तो 'कठिन', मराठीत न चा ण झाला, शब्द आपला झाला आणि वेलांटी दुसरी झाली. हे ऐकून सगळा वर्ग शब्द शोधायला लागला होता. जिचा कान आणि डोके इतके सावध आहे, तिच्या कागदावर तुम्ही 'श्रवण कमकुवत' लिहिलेत.

मला हे इतके का लागते, तेही सांगते. डीएडला मी दुसऱ्या शहरात शिकायला गेले. पहिल्याच आठवड्यात पाठ घेताना माझ्या तोंडून 'येक' गेले. मागे बसलेल्या निरीक्षकांनी वर्गासमोर मला थांबवले आणि सांगितले, आधी एक ते दहा म्हणायला शिका, मग मुलांना शिकवा. त्यानंतर वर्षभर मी वर्गात आपण होऊन तोंड उघडले नाही. प्रश्न यायचे, मनात उत्तरेही असायची, पण प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून पाहायचे आणि तोपर्यंत दुसरे कोणी बोललेले असायचे. पुढे 'एक' म्हणायला मी शिकले, त्यासाठी कोणी समोर थांबवायची गरज नव्हती. ते वर्ष मात्र परत मिळाले नाही. आता माझ्या वर्गातली मुलगी हात वर करायची थांबली आहे. चाचणीच्या आधी ती पहिल्या बाकावर होती. परवा बाक बदलून मागे जाऊन बसली.

'येक' आणि 'एक' हा फरक ऐकू येणारा आहे, तो शिकवता येतो. 'ब्यांक' आणि 'बँक', 'डाक्टर' आणि 'डॉक्टर' हेही ऐकू येते. कानाचा सराव घ्यायचा तर अशा आवाजांचा घ्या, मी तुमच्याबरोबर काम करीन. पण त्याचेही स्थान ओळखा. तोंडी परीक्षेत 'येळ' म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापण्याचे कारण मला दिसत नाही. त्याने काय सांगितले ते तुम्हाला कळले, गोष्ट कळली, तर बोलणे पूर्ण झाले. आपल्या लेखनाच्या नियमांनीसुद्धा बोलीला जागा ठेवली आहे. पात्राच्या तोंडी किंवा बोलण्यासारखे लिहिताना 'असं केलं' असे अनुस्वार देऊन लिहावे, एरवी 'असे केले', असे नियमच सांगतो. लिहिण्याच्या नियमाने जी मोकळीक दिली, ती बोलण्याच्या परीक्षेत का नसावी?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या शाळेत त्या आठवड्यात मुलांनी भाषणे केली, आणि याच मुलीने वऱ्हाडीत केले. टाळ्या वाजवणाऱ्यांत चाचणी समन्वयासाठी आलेले तुमचे प्रतिनिधीही होते. त्या दिवशी गोड वाटलेली बोली शेऱ्यात दोष म्हणून आली, हे मला कळत नाही.

आता माझ्या मागण्या. त्या पूर्ण करायला मोठा खर्च लागत नाही.

सगळ्यात आधी, यंदाच्या निकालपत्रांवरून 'श्रवण कमकुवत' आणि 'उच्चार प्रादेशिक' हे शेरे काढून नवी निकालपत्रे द्या. कानाची तपासणी डॉक्टर करतो. श्रुतलेखनावरून ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही, मलाही नाही.

यंदाचे पेपर परत तपासा. इकार-उकाराच्या चुका वेगळ्या मोजा आणि त्यांचे कापलेले गुण परत द्या. या मुलीचे साडेतेराचे एकोणीस होतात. अशी आणखी किती मुले सुधार वर्गात बसली आहेत ते मला माहीत नाही, तुम्हाला कळू शकते. तो वर्ग खेळाच्या तासाला भरतो, हेही परिपत्रकात तुम्हीच लिहिले आहे. ती मुले मैदानावर परत जाऊ द्या.

पुढच्या वर्षीपासून ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा घ्यायची असेल तर श्रुतलेखनात घेऊ नका. लेखी प्रश्न वेगळा द्या: शब्द छापून द्या, बरोबर-चूक ओळखायला सांगा, नियम विचारा, तत्सम शब्दांची यादी आधी वर्गात द्या. मुले त्यात चुकली तर खुशाल गुण कापा. श्रुतलेखनात मात्र जे ऐकू येते तेवढेच तपासा.

ध्वनिमुद्रण वापरायचे असेल तर उतारा त्या भागातल्याच शिक्षकाच्या आवाजात घ्या, किंवा निदान एकाच चाचणीसाठी दोन-तीन भागांतले आवाज वापरा. आणि वाचणाऱ्याला सांगा की वेलांटी पाहून आवाज ओढू नका.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक दिवस, एकच दिवस, मराठीच्या आवाजांवर ठेवा. कुठला स्वर ऐकू येतो, कुठला फक्त लिहिला जातो, तत्सम शब्द ओळखायचा कसा, बोलीतला उच्चार आणि लेखनातली चूक यांचा संबंध कुठे आहे आणि कुठे नाही, एवढेच. माझ्या डीएडच्या काळात हे कोणी सांगितले असते तर पहिली कित्येक वर्षे मी मुलांना 'नीट ऐका, नीट ऐका' म्हणत राहिले नसते. ती नीटच ऐकत होती.

तुमच्या बैठकीला बोलावलेत तर मी येईन. सोबत तो पेपर आणीन आणि फळ्यावरच्या दोन रकान्यांची वहीही आणीन. वही त्या मुलीच्या अक्षरात आहे, आणि तिच्यात आजपर्यंत एकशे बारा शब्द जमले आहेत. सगळे योग्य रकान्यात आहेत. तुमचे उत्तर सुधार वर्गाचे पुढचे सत्र सुरू होण्याआधी, म्हणजे महिनाअखेरीच्या आत यावे अशी विनंती आहे.

आपली,
एक मराठी शिक्षिका
बुलढाणा जिल्हा